एका नंबरावर दोन मुली

८ मार्च २००४, सोमवार

गेलं! सगळंच बंद! सकाळी शंकर नगरच्या ऑफिसात पोचले तर एकाचंही लॉगिन होईना. नीलकंठ सरांच्या कानामागे होळीचा हिरवा रंग तसाच, आणि चेहरा लालबुंद. "गंधाली, सिलतराच्या कारखान्याच्या गेटवर गाड्या उभ्या हायेत! माल निघून नाही राहिला!"

डिरेक्टरी सर्व्हर मीच जानेवारीत बसवला. कोणाला आत घ्यायचं ते तोच ठरवतो. पण त्याच्यापाशी स्वतःचं काहीच नसतं — माणसांची नावं तो पर्सोनेलच्या डेटाबेसमधून वाचतो. पर्सोनेलची खुर्ची बाबांची. महिनाअखेर ते रिटायर होतात आणि एप्रिलमध्ये माझं लग्न. घरात लगीनघाई, आणि इकडे माझी नोकरी जायची वेळ!

९ मार्च

सर्व्हर पुन्हापुन्हा बंद करून चालू केला. केबल बदलली. डेटाबेस ठणठणीत, सर्व्हर ठणठणीत, आणि लॉगिन मात्र नाही! सर डोक्यावर उभे — "कालपासून काय करून राहिली तू? मालकाचे फोन येऊन राहिले!" जेवलेच नाही.

१० मार्च

सापडलं.

बाकीचे सगळे प्रोग्रॅम माझ्याच लॉगिनने सर्व्हरला विचारतात. माझं अडलं म्हणून सगळ्यांचं अडलं. आणि माझं अडलं, कारण माझ्या एम्प्लॉयी नंबरावर दोन माणसं निघाली! एक सापडलं तर सर्व्हर आत घेतो. दोन सापडली की कोणालाच नाही.

दोन्ही ओळी उघडल्या. पहिली — गंधाली यशवंतराव मुकादम. दुसरी — राधिका अनिमेष दाणी.

कोण ही राधिका? मी?!

साखरपुड्यालाच अनिमेषला बजावलं होतं — लग्नात ताटातल्या तांदळावर माझं दुसरं नाव लिहायचं नाही. हव, हव करत मान डोलवत होता. "तेरा नाम तेरा ही रहेगा, मेरे को क्या!" मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो. खोटंही छान हिंदीत बोलतो म्हणायचं! रात्री त्याचा फोन आला, घेतला नाही.

११ मार्च

ओळ कोणी घातली, तेही डेटाबेसमध्ये दिसतं. बाबांनी! शनिवारी, ऑफिस सुटता सुटता. माझ्या बाबांनी!

डबा खाताना गाठलं. मान वर करीनात. "लग्न झालं का पोरीचं नाव बदलतेच. आम्ही नेहमी नवी ओळ टाकतो, जुनी प्रॉव्हिडंट फंडाच्या कामासाठी राहू देतो. रिटायर व्हायच्या आत तुझं माझ्या हातानं करून टाकलं. काहून एवढी चिडून राहिली?"

"मले न विचारता? दाण्यांनी सांगतलं अन् तुम्ही करून टाकलं?"

बाबा डब्यातल्या भाजीकडे बघत बसले.

ती ओळ उडवली. धडाधड सगळ्यांची लॉगिनं सुरू! सर टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. जिन्यात जाऊन अनिमेषला फोन केला. म्हटलं, लग्न मोडलं समज. "अरे, पर हुआ क्या?" — तो विचारत होता, मी फोन ठेवून दिला. साळसूदपणा तरी किती!

१२ मार्च

बाबा आज ऑफिसला माझ्याआधीच एकटे निघून गेले.

१३ मार्च

अनिमेषची आई आली होती, समता कॉलनीत आमच्याकडे. डोळे सुजलेले. मी फणकाऱ्याने म्हटलं, राधिका हवी होती ना तुम्हाला? त्या चमकून म्हणाल्या, "राधिका? हे कोण, बाई? आम्ही तर ताटात गंधालीच लिहिणार होतो!"

बाबा उठून आत गेले. आईनं कपाळाला हात लावला. "बारशाले याहिले, तुह्या बाबाले, राधिकाच ठेवायचं होतं. आत्यानं तुह्या कानात गंधाली सांगून टाकलं. एवढी वर्षं मनात धरून बसले होते!"

अनिमेषला फोन लावतेय. उचलत नाही.