पाय आत घ्या

इंदूर, मिल एरिया
ता. २२ नोव्हेंबर १९९८, रविवार दुपार

चि. धम्मदीना हिला आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक-ठाक आहे. तुझे आईबाबा विहारात गेले आहेत, घर रिकामं आहे, म्हणून लिहायला बसले. दरवेळी मी सांगते नि तुझा बाबा लिहितो, पण हे पत्र माझ्याच हातचं आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले तेवढंच. अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

तुझं पत्र काल आलं. तीनशे टेबलं! मी तर पोस्टमनला थांबवून सांगितलं, की भिया, माझ्या नातीने बनवलेल्या तुरपाईच्या टेबलाची ऑर्डर निघाली, आणि कसं बनवायचं ते आमच्या चाळीतल्या बायांना विचारून ठरवलं. तो म्हणाला, "बधाई हो माताजी." फिर मी चार घरी सेव वाटली. तुझे आजोबा असते तर परदेशीपुऱ्यापर्यंत सांगत सुटले असते. मिलमध्ये त्यांची तीस वर्षं गेली, माझी एकवीस, पण मशीन कसं पाहिजे हे आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि तू, कॉलेजातली पोरगी, वही घेऊन जमिनीवर बसलीस नि म्हणालीस, "काकू, तुम्ही सांगा, मी काढते." मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू.

तू लिहिलंस, "आजी, यापुढे वस्तू अशाच बनतील, बनवणारा आणि वापरणारा शेजारी बसून. कॉलेजात दिवाकर सरांना मी हे दाखवून दिलं ते तुझ्यामुळे." ते मी दोनदा वाचलं. मग मला जेवण गेलं नाही.

थंडी पडायला लागली आहे. तिकडे अहमदाबादला स्वेटर घालतेस ना? इथे सकाळी उन्हासाठी सगळ्या बाया उंबऱ्यावर येऊन बसतात. मिल बंद झाल्यापासून हेच चाललंय, पॅन्टींचे गठ्ठे घरी आणायचे नि तुरपाई करून परत द्यायचे.

उंबऱ्याचं निघालंच आहे तर सांगते. काल तुझं पत्र समोरच्या द्वारकाबाईला वाचून दाखवलं. ती सुई ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "चला, तीनशे बायांच्या मटक्यांची सोय झाली."

मी म्हटलं, "तोंड सांभाळ, द्वारका."

"माझं काय सांभाळू? तुझं टेबल तू कशाला वापरतेस ते लिही की नातीला."

मी उठून आत आले. आत माझं टेबल. त्यावर पाण्याचा मटका.

बेटा, तू नमुन्याची चार टेबलं ठेवून गेलीस ना, त्यातल्या एकावरही तुरपाई होत नाही. द्वारकाबाईच्या टेबलावर टीव्ही आहे, बाकी दोघींकडे पोरं अभ्यास करतात. दिवाकर सर बघायला आले त्या दिवशी मीच पुढे पळाले, मटका खाली ठेवला, टीव्ही उतरवला, पोरांना हाकललं नि चौघींना स्टुलावर बसवलं. सरांनी फोटो काढला. सर गेले तशा बाया परत जमिनीवर.

टेबल वाईट नाही गं. पण तू आमचं काम बघितलंच नाहीस, आणि बघितलं नाहीस ते माझ्यामुळे. आम्ही तुरपाई करतो ती पायाने. पॅन्टच्या पायाचा कपडा ताणून धरायचा असतो, तर त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात नि शेजारच्या बोटात पकडतो, मधला कपडा गुडघ्यावर, मग दोन्ही हात मोकळे. तुझ्या टेबलावर पाय खाली राहतात नि कपडा सरकतो. एका हाताने धरायचा तर दुसऱ्या एकट्या हाताने तुरपाई कशी होणार?

तू येणार त्याच्या आदल्या दिवशी मी घरोघर फिरले होते. म्हटलं, माझी नात शिकलेली, तिच्यासमोर लोकांच्या अंगावर चढणाऱ्या कपड्याला पाय लावून बसू नका, शोभत नाही, पाय आत घ्या. चांगली साडी नेसा. आणि पोरगी जे काढेल त्याला छान म्हणा, तिचा पेपर आहे. सगळ्या अशा बसल्या होत्या जशी मुलगी बघायला पाहुणे आलेत. तू द्वारकाबाईला विचारलंस, "काकू, हातानेच धरता का?" ती बोलणारच होती. मी म्हटलं, "हो हो, हातानेच." आणि तुझ्या पुढ्यात कचोरी सरकवली. तू वहीत हात काढलास. किती सुंदर काढला होतास.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात नवीन मशीन आलं तेव्हा एक साहेब विचारायला आले होते, बाई, कैसी है मशीन? मशीन उंच होतं, दिवसभर हात वर करून खांदे भरून यायचे. पण मुकादम आमच्या पाठीमागे उभा होता, म्हणून आम्ही सगळ्या म्हणालो, "अच्छी है साहब." साहेबांनी तसंच लिहून घेतलं. त्या मुकादमाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आणि त्या दिवशी तुझ्या बायांच्या पाठीमागे मीच उभी होते. मला माझीच लाज वाटते, बेटा.

हे सांगायला दोनदा एसटीडीवर फोन करायला गेले. एकदा तू उचललास, मी "जेवलीस का" विचारलं नि ठेवून दिला. तिथे अर्धी चाळ कान लावून असते, हे खरं. पण ते निमित्त झालं.

पाच तारखेला कारखान्यात लाकूड कापायला घेणार म्हणतेस. थांबव. दिवाकर सरांना हे पत्रच दाखव, पोरीची चूक नाही, आजीने बायांची तोंडं बंद ठेवली म्हणावं. सर ऐकतील की नाही मला माहीत नाही. तुझी नोकरीची बात यावरच आहे हेही मला माहीत आहे, म्हणून तर महिनाभर गप्प बसले. पण तीनशे घरी ते टेबल जाईल, त्यावर तुझं नाव असेल, आणि बाया म्हणतील, हिने आम्हाला विचारलं होतं म्हणे.

काल संध्याकाळी मी परत द्वारकाबाईकडे गेले. म्हटलं, माफ कर, आता सांग तुला काय पाहिजे. तिने पाय पुढे केला. अंगठ्याचा सांधा सुजून लिंबाएवढा झालाय. म्हणाली, "मला टेबल नको. हा जे करतो ते करणारं काहीतरी दे म्हणावं पोरीला." अकरा वर्षं समोर राहते मी तिच्या, मला ते दिसलं नव्हतं.

तू ये. आधी कळवू नकोस. सकाळी उन्हात सरळ द्वारकाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बस. मी तिथे येणार नाही, घरात कडी लावून बसेन.

उद्या सकाळी मोठ्या पोस्टात जाऊन हे पत्र टाकते. मागच्या दोन पत्रांत "सगळ्या बाया टेबलावरच बसतात" असं मी बाबाकडून लिहवून घेतलं होतं, ते खोटं होतं. त्याने मी सांगितलं तेवढंच लिहिलं, त्याच्यावर रागावू नकोस.

तुझ्या वहीत खोटं लिहवणारी,
तुझी आजी
कौसल्या