वरच्या तळ्यापर्यंत

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही आणि तू डोंगरमाथ्यावरचं अभयारण्य बघायला निघालीस! तुझ्या लेकीने सांगितलं तेव्हा मी कपाळावर हातच मारला. तुझ्यासाठी माझी तळमजल्यावरची खोली रंगवून तयार आहे. तुझं शिवणयंत्रही तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून उतरवून इकडे आणलंय.

तू म्हणतेस, वरच्या तळ्यापर्यंत चालत गेले तर तुझ्याकडे राहायला येण्याचा विषय कायमचा बंद. कबूल! पण तू फाटकावरूनच परत येशील, लिहून ठेव.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१५ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोचले रे, पोचले! स्वतःच्या पायांनी!

वाट कसली, जिकडे तिकडे पाणीच. दगडादगडांतून झरे, वर बर्फाचे कडे. आमच्यातली तरणीताठी मंडळी गप्पा हाणत पुढे पळाली. मी मागे, काठी टेकत. शेवटच्या चढावर गुडघा असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकला धाकटा. वाटाड्या म्हणाला, इथूनही तळं दिसतं, बसा. मी म्हटलं, बघायचं नाही, पोचायचंय.

मी पोचले तेव्हा बाकीचे, एकही प्राणी दिसला नाही म्हणून तोंडं पाडून परत निघाले होते. मी पाण्यात पाय सोडून गप्प बसले. बोलायला दमच कुठे होता! तेवढ्यात पाण्यातून एक डोकं वर आलं, मग दुसरं. पाणमांजरं! पिल्लाने आईच्या तोंडचा मासा पळवला आणि दगडावर बसून खाल्ला. लहानपणी तू माझ्या ताटातलं पळवायचास, अगदी तस्संच. मी खुदकन हसले, तरी ती गेली नाहीत.

वाटाड्याने काढलेला फोटो सोबत आहे. माझे पाय नीट बघ. आता यंत्र जिथल्या तिथे हवं.

लोभ आहेच, तुझं ऐकेन अशी आशा तेवढी सोड.
तुझी ताई

२४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हरलो बाई, हरलो! दुकानात येईल त्याला तुझा फोटो दाखवतोय. गिऱ्हाईकं कंटाळली.

काल तुझ्या लेकीच्या मदतीने यंत्र वर नेलं. काय गं तुझे ते जिने! पहिल्या मजल्यावर थांबलो, दुसऱ्यावर चक्क बसलो. शेजारीणबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, ताई इथे कधी थांबत नाहीत. पोरगी पोट धरून हसली.

खरं सांगू? तू जवळ असावीस म्हणून ती खोली रंगवली होती. आता रोज संध्याकाळी मीच तुझे जिने चढून येईन. चहा टाकून ठेव. पुढच्या वर्षी त्या तळ्यावर मलाही ने.

फक्त जरा हळू चाल गं, मला मागे टाकू नकोस.
तुझा धाकटा