हिरवळीवरचा पाय

३ फेब्रु. १९८१, मंगळ.
सकाळी दळण आणलं. दुपारी जैन मंदिरात. माझा मुलगा सुधा गेल्यापासून रोज जातो, त्याने रंगवलेल्या छताखाली बसतो. आज चंपकशेठनी थांबवलं. मंदिराचा कारभार त्यांच्याकडे. ‘मास्तर, शेवटच्या चौकटीत आचार्यांचा पाय हिरव्या गवतावर पडलाय. आमचे साधू हिरवळ तुडवत नाहीत, जीव असतो तिच्यात. इतके दिवस मान वर करून बघतो, कुणाला दिसलं नाही! आता आमचे मोठे साधू, महाराजसाहेब, महाबळेश्वरहून इकडे पायी निघालेत.’
सुधाने वरंधकडचे श्रावणातले डोंगर काढलेत. त्याला कोण सांगणार होतं?

५ फेब्रु., गुरु.
महाराजसाहेब आंबेनळी घाट उतरताहेत म्हणे. शेठ म्हणाले, गवतावर मातीचा रंग द्या, नाहीतर त्या चौकटीला चुना मारावा लागेल.
तो पाय माझा आहे. हे कुणाला माहीत नाही. ओटीवर स्टुलावर बसवलं होतं मला. ‘बाबा, हलू नका ना. करंगळी वाकडीच राहू दे, छान दिसते.’ ती चौकट पुरी झाली आणि त्याला कावीळ...
गवताची पाती बोटांच्या फटींतून वर आलीत. माती लावताना बोटं वाचतील?


७ फेब्रु., शनि.
बिरवाडीला गेलो. दत्ता पेंटर कारखान्यांच्या पाट्या रंगवतो. सगळं सांगितलं.
‘मास्तर, आजवर ‘धूम्रपान मना’ लिवलं. महाराज पयल्यांदाच!’ हसला. मी हसलो नाही, तसा ब्रश खाली ठेवला. ‘उद्या सुट्टी हाय, सकाळीच येतो. बोटांना हात लावनार नाय.’
त्याचा हात बघितला. थरथरतो.

८ फेब्रु., रवि.
दत्ता आला नाही. दुपारी बसस्टँडवर जाऊन पाहिलं, बिरवाडीच्या दोन्ही गाड्यांत नव्हता.
महाराजसाहेब पोलादपुरात मुक्कामाला. उद्या इथे. मंदिरात शिडी लावलेली, खाली बादलीत चुना भिजवलेला. शेठ वाईट नाहीत. म्हणाले, ‘मास्तर, दिवस मावळेपर्यंत थांबतो. पुढे माझा इलाज नाही.’ माझ्याकडे न बघता म्हणाले.
वर एकदा बघितलं. मग तिथे थांबवेना.
घरी आलो. ऊन अजून ओटीवर होतं; चुना अजून लागला नसेल. न्हाणीत बसून पाय धुतले. बोटांच्या फटी नीट पुसल्या, वाकड्या करंगळीची सगळ्यात शेवटी.