आठ रिकाम्या खुंट्या

गुरुवार, संध्याकाळ

लहानपणी कॉन्व्हेंटच्या पायरीवर मैत्रीण सुमन आणि मी एकाच डब्यातून गुळपोळी खायचो. कोणी किती खाल्ली असं सिस्टरनी विचारलं, की खरंच सांगायचो. तीच सवय आज नडली.

शाळेचा पट मोजताना शिक्षिका म्हणून मी आठ मुलींपुढे 'स्थलांतरित' लिहिलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्या, मग दुसरं काय लिहायचं? पट कमी भरला आणि आज वरून आदेश आला, आपली शाळा बंद, मुलं फाट्यापलीकडच्या शाळेत.

खिचडी शिजवणाऱ्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "लई खरं बोलता बाई तुमी. हजेरी लावली असती तर कोन बघाया आलतं?"

मी वर्गात आले. भिंतीवरच्या आठ खुंट्यांखाली नावं आहेत, वर दप्तरं नाहीत. खोटं लिहायला हवं होतं का? मग त्या मुली कुठे आहेत हे कागदावर तरी कुणाला कळलं असतं? आता कळलं, आणि शाळाच गेली.

उद्या सामान हलेल. पातेली आणि नकाशे नव्या शाळेला. माझी गोष्टींची पुस्तकं रुक्मिणीबाईंच्या घरी, मुली उन्हाळ्यात परतल्या की त्यांच्या हाती द्यायची. खुंट्या कुणालाच नाहीत. त्यांच्याखालची नावं तेवढी पुसू नका, असं सामान हलवणाऱ्यांना सांगणार आहे.