एकोणचाळीस हजार नऊशे कोंबड्या

६ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसात तीन फायली आल्या. कोंबड्यांच्या. प्रत्येक शेडमध्ये एकोणचाळीस हजार नऊशे कोंबड्या! का, तर चाळीस हजार झाल्या की वर्षभराचा तपशीलवार अभ्यास लागतो — पाणी, माती, वास, सगळ्याचा. त्याच्या खाली असलं की आमची एक टिपणी पुरते. उरलेल्या शंभर कोंबड्यांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

अर्जदार तीन: नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ. जागा एकमेकींना लागून. म्हणजे एकाच घरातल्या तिघांना एकाच आठवड्यात, एकमेकांना न विचारता, कोंबड्या पाळायची हुक्की आली! योगायोग म्हणायचा.

फायली ममच्या वाट्याला गेल्या. मम म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. साहेब बैठकीत काहीही बोलले की हे लगेच "बरोबर, बरोबर". हे नाव मी फक्त या वहीत वापरते. चौदा वर्षं शेजारी बसते, पण एकाही प्रकल्पाला त्यांनी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही.

८ जानेवारी

ममने फाईल उघडलेली दिसत नाही. डबा मात्र साडेबाराच्या ठोक्याला उघडला.

१३ जानेवारी, सोमवार

मम चहाला गेले तेव्हा सहज फाईल चाळली. अर्जदारांच्या सल्लागाराचा अहवाल दीडशे पानांचा. पान सत्तेचाळीस: "भरतीच्या वेळी किनाऱ्यावरील खेकड्यांवर विपरीत परिणाम संभवत नाही." जागा डोंगरावर! समुद्र तिथून दोन दिवसांच्या अंतरावर. जुना अहवाल उचलायचा, गावाचं नाव बदलायचं, बिल लावायचं. खेकडे राहून गेले बिचारे.

हसता हसता नकाशा उलगडला आणि हसू गेलं. ती जागा माझ्या ताईच्या जमिनीच्या वरची. ताईची विहीर उताराला, जेमतेम दोनशे पावलांवर. वरची सगळी घाण तिच्या विहिरीत उतरणार. तिची रोपवाटिका त्या एका विहिरीवर चालते. भावोजी गेल्यापासून तिला दुसरा आधार नाही.

आणि फाईल कोणाकडे? ममकडे!

ते परत आले तेव्हा म्हटलं, "ही माझ्याकडे द्या, त्या बदल्यात माझी झाडतोडीची घ्या. तुम्हाला सोपी जाईल." ते चष्मा पुसत म्हणाले, "घ्या की."

फायलीला एक कागद जोडावा लागतो: या प्रकरणात माझे कोणी नातेवाईक नाहीत, हितसंबंध नाहीत. नातं सांगितलं तर फाईल परत ममकडे. दोनदा पेनाला टोपण लावलं, खोटं कशाला बोलू. पण सही केली.

१४ जानेवारी

ताईला फोन केला. म्हटलं, हरकतीचा अर्ज दे, पण सुनावणीत मला ओळखायचं नाही.

"म्हणजे? बहिणीला ओळखायचं नाही?"

"दोन तासांपुरतं."

"आणि जेवायला येणार का नाहीस?"

"ताई!!"

"बरं बाई. तुझ्या सरकारचं काही कळत नाही."

२२ जानेवारी

जागेची पाहणी. सल्लागार पांढरे बूट घालून आला होता. डोंगरावर! वाटेत दोनदा घसरला. मला बरं वाटलं, खोटं का बोला.

म्हटलं, अहवालात ही विहीर कुठे आहे? म्हणाला, "मॅडम, नोंदीत विहीर नाहीये." विहीर समोर. तिच्यावर मोटर, मोटरवर मांजर बसलेलं. "नोंदीत नाही म्हणजे आमच्या दृष्टीने नाही," म्हणाला. मग मी माझ्या दृष्टीने बादली सोडली आणि नमुना काढला.

ताई वाफ्यात खुरपत होती. माझ्याकडे बघून परक्यासारखी मान वळवली. जरा जास्तच वळवली. मी तिला "बाई, जरा पाणी मिळेल का" म्हटलं. ही बाई मला कडेवर घेऊन हिंडली आहे.

२३ जानेवारी

पाय सुजलेत. नवरा म्हणतो, "पर्यावरण तुला सोसत नाही."

३ फेब्रुवारी

टिपणी झाली! तिन्ही अर्ज एकच प्रकल्प धरावा, उताराला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, तपशीलवार अभ्यास आवश्यक. अकरा पानं. एक ओळसुद्धा कुठून उचललेली नाही. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. साहेबांनी वाचून "हं" केलं. साहेबांचा "हं" म्हणजे दुसऱ्याची टाळी.

ममनेही वाचली. म्हणाले, "छान लिहिलंत." मनात म्हटलं, तुम्हाला काय कळतंय!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुनावणी.

शाळेच्या सभागृहात. माझ्यापुढे माइक, फुलदाणी, पाण्याची बाटली. टिपणी वाचली. लोक खूश. आता फक्त हरकती ऐकायच्या आणि सही करायची. ताई तिसऱ्या रांगेत, पदर नीट, डोळे खाली. शाबास, म्हटलं.

सल्लागार उठला. "सदर विहीर ही विहीरच नाही. तो पावसाळी खड्डा आहे. पिण्यालायक पाणी तिथे कधीच नव्हतं."

ताई ताडकन उभी राहिली.

"खड्डा? कोणाच्या विहिरीला खड्डा म्हणतोस रे? ही बसलीय ना समोर, माझी धाकटी बहीण, तिला विचार! याच विहिरीचं पाणी प्यायलीय ती! सांग ना गं छकुली!"

छकुली. अठ्ठेचाळीस वर्षांची, चष्म्याची, माइकपुढे बसलेली छकुली.

सभागृहात आधी हशा पिकला. मग हळूहळू थांबला. सल्लागार हसला नाही. त्याने खिशातून पेन काढलं.

ताईला कळलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून खाली बसली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. खोटी सही तिची नव्हती.

१३ फेब्रुवारी

माझी टिपणी रद्द. माझी चौकशी. साहेब म्हणाले, "तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे हो. पण ते तुम्ही लिहायला नको होतं."

फाईल नव्याने तपासायला ममकडे द्यायची. उद्या अर्ज आल्यापासूनचा कामाचा तिसावा दिवस. उद्यापर्यंत निर्णय झाला नाही तर मानीव मंजुरी — म्हणजे सरकार गप्प बसलं, तेव्हा सरकार हो म्हणालं असं मानायचं.

म्हटलं, साहेब, मी आत्ता उचलून त्यांच्या टेबलावर ठेवते. "छे छे! रीतसर जायला हवी." साहेबांकडून आवक-जावकला, तिथून नोंद होऊन ममकडे. अंतर चौदा पावलं. मी मोजली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आवक-जावकच्या बाई अर्ध्या दिवसाच्या रजेवर. त्यांच्या भाचीचं लग्न ठरतंय. फाईल त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये, पर्स भाचीकडे. मम तीन वेळा त्या कपाटापाशी जाऊन आले. साडेपाच वाजले. कोंबड्या मंजूर. तिन्ही शेड.

१५ फेब्रुवारी

ताईचा फोन. "माझ्यामुळे झालं ना सगळं?" नाही म्हटलं. ती रडत होती, मीही रडले. रोपांचं काय करायचं ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ममने ड्रॉवरमधून तीन पानं काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांची टिपणी. तारीख १२ जानेवारी, रविवार — मी फाईल मागितली त्याच्या आदल्या दिवशीची! स्वतःच्या स्कूटरवरून जाऊन आले होते. विहिरीची खोली, उतार, अंतर, सगळं मोजलेलं. "तिन्ही अर्ज एकत्र धरावेत. तपशीलवार अभ्यास आवश्यक." खाली सही.

मी ती दोनदा वाचली. विचारलं, मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?

"तुम्ही एवढं मागून घेतलीत," ते म्हणाले, "वाटलं, माझ्यापेक्षा तुम्ही नीट लिहाल."