नव्वद मिनिटं गप्प बसण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय बावीस, शिक्षण कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, धंदा दिवसा मामाच्या सायकल दुकानात पंक्चर काढणे व संध्याकाळी साबण कारखान्यातल्या बायकांच्या फुटबॉल संघाचा कोच, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. एरवी ते नसतं असं बाबा म्हणतात, पण आज मी थंड पाण्याने आंघोळ करून बसलो आहे. मला कोणी फूस लावलेली नाही.

कारण असं की उद्या अंतिम सामना आहे आणि तो संपेपर्यंत मला चकार शब्द काढायचा नाही. त्यातून मी जगेन असं वाटत नाही.

ही अट रेफरीने घातली आहे. या मोसमात तिने मला तीनदा लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा जाता जाता मी विचारलं, "चहा घ्याल का कधी?"

ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "तुमच्या सामन्यात शिट्टी वाजवते तोवर नाही. अंतिम सामन्यानंतर मी वरच्या गटात जाणार आहे. तेव्हा विचारा. पण त्या दिवशी तुमचा एक शब्द जरी ऐकू आला, तर विचारायचे कष्टही घेऊ नका."

मी मान डोलावून बसलो. सबब व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम १. माळ्यावरची खोली बाबांनी मला अभ्यासाला दिली होती, ती त्यांना परत. कॉलेजची पुस्तकं पलंगाच्या तुटक्या पायाखाली आहेत. ती काढू नयेत, पलंग डुगडुगेल. बाबा, "पोराचं काही खरं नाही" असं तुम्ही गावभर सांगता आणि प्रत्येक सामन्याला कुंपणाबाहेर छत्री उघडून उभे राहता. छत्रीआड माणूस लपत नाही. उद्या आत या.

कलम २. पाने आणि पंप मामाचेच आहेत, त्यालाच राहोत. "चाक आणि तुझं डोकं, जास्त हवा भरली की दोन्ही फुटतात," हे त्याचं वाक्य मी त्याला साभार परत करतो.

कलम ३. निळी बादली संघाकडे राहील. आमच्यात हरल्यावर जी कारण सांगेल, ऊन होतं, वारा होता, तिने सगळ्यांच्या जर्सी धुवायच्या. साबणाला तोटा नाही. सगळ्यांत जास्त जर्सी मीच धुतल्या, कारण माझं कारण ठरलेलं असतं: रेफरी. यापुढे जिंकल्यावर फुशारकी मारणारीलाही हीच बादली. हरणं अंगाला चिकटू देऊ नये, तसं जिंकणंही. बिस्किट कारखान्याचा कोच हरल्यावर पोरींना उन्हात पळवतो. त्याला माझ्यातर्फे साबणाची एक वडी. तोंड धुवावं.

कलम ४. आवाज. ही माझी एकमेव स्वकष्टार्जित मालमत्ता. परवा बचाव फळीतल्या काकूने मला बाजूला घेतलं.

"कोच, रागावू नकोस. तू ओरडलास की आम्ही बॉलकडे नाही, तुझ्याकडे बघतो. तेवढ्यात गोल होतो."

"मग ऐकणार कोणाचं?"

"मागे उभी आहे तिचं. तिला सगळं मैदान दिसतं. तुला नुसती रेफरी दिसते."

मागे उभी असते ती गोलकीपर, आमची कॅप्टन गोगलगाय. पॅकिंग खात्यात दिवसभर एक अक्षर बोलत नाही. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि बोलायची पाळी कधी दिलीच नाही. तर "डावीकडे!", "मागे माणूस!", "परत फिरा!" हे सगळे शब्द आजपासून तिचे. शिव्या वगळून, त्या माझ्याबरोबर जातील. गोगलगाय, चुकीचं ओरडलीस तरी चालेल, पण ओरड. कोचाचं काम आदल्या दिवशी संपायला हवं, हे मला तीन लाल कार्डांनंतर कळलं.

कलम ५. चार मोडक्या सायकलींतून जुळवलेली माझी सायकल रेफरीला. मागच्या कॅरिअरवर मी उशी शिवून बसवली आहे. कोणासाठी, ते लिहायची गरज नाही. मात्र तिसरं लाल कार्ड चुकीचं होतं, हे मी मरतानाही म्हणेन.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही म्हणे. म्हणून रेफरीची सही चुकूनही घेऊ नये. काकूला मी काही ठेवलेलं नाही, ती चालेल.

सही: कोच
सामन्याच्या आदला दिवस, सायकल दुकान

साक्षीदार १: काकू. वाचून सही केली. पोरगा शुद्धीत आहे आणि प्रेमातही आहे. दुसऱ्या सहीचं मी बघते.

साक्षीदार २: रेफरी. सामना संपल्यावर काकूंनी हा कागद माझ्या हातात ठेवला. मृत्युपत्र करणारा जिवंत आहे. पूर्ण वेळ त्याने तोंडात टॉवेल कोंबला होता. नियमांत टॉवेलला मनाई नाही. शेवटच्या कॉर्नरला गोलकीपर "डावीकडे!" अशी कडाडली की मीसुद्धा डावीकडे वळले. गोल वाचला, सामना तुम्ही जिंकलात. छत्रीवाले गृहस्थ आत येऊन नाचत होते.

तिसरं कार्ड बरोबरच होतं.

कलम सहा वाचलं, तरीही सही करते आहे. सायकल मला वारशात नको. ती चालवायला माणूस जिवंत लागतो. फाटकाशी घेऊन ये, आणि त्या उशीवरची धूळ झटक.

ठिकाण: मैदानाचं फाटक. तारीख: आजची. वेळ: चहाची.