दाराबाहेरचा तिसरा जोड

ती. विठ्ठलदादास महादेवचा साष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे आखातात, मनाम्यात देवाच्या कृपेने मी ठीक आहे (हा शब्द जरा सैल धरावा).

गेल्या शुक्रवारी सकाळी पूजा आटोपून मी पहिलं काम केलं ते दाराबाहेरच्या सगळ्या चपला उचलून पलंगाखाली ढकलण्याचं. कारण सांगतो, वहिनींना जवळ बसवून वाचा. तुमचा संतोष चार महिने माझ्या खोलीत लपून आहे. मुकादमाशी भांडून कंपनी सोडली, पासपोर्ट कंपनीतच राहिला, व्हिसा खलास. सापडला तर तुरुंग. तुम्हाला कळवू नये म्हणून त्याने मला गणपतीची शपथ घातली होती (ती देवाला सांगूनच मोडतो आहे).

आदल्या संध्याकाळी मी काम करतो त्या क्लबातल्या जर्मन साहेबांनी त्यांच्या देशात लढाई संपताच काढलेला सिनेमा मागवला होता. प्रोजेक्टर मीच चालवतो. भाषा कळली नाही, बाकी सगळं कळलं. एक विधवा एका ज्यू शिंप्याला कोळशाच्या तळघरात लपवते. ज्या देशाने छळलं त्यानेच ते इतक्या लवकर पडद्यावर मांडावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तेवढ्यात पडद्यावर पोलीस आले, आणि त्या एकटीच्या टेबलावर कप दोन! मी जो उभा राहिलो तो रीळ संपून पडदा पांढरा झाला तरी उभाच. अंधारातून साहेब म्हणाले, "महादेव, यल्ला." (म्हणजे चल, आटप.)

म्हणून त्या चपला, माझे दोन जोड आणि तिसरा त्याचा. समोरच्या खोलीतला मुनाफ (रत्नागिरीचा) दारात थबकला. "काय महादेवभाऊ, चपला आता देव्हाऱ्यात ठेवता काय?" मी म्हटलं, उन्हाने खराब होतात (आमच्या व्हरांड्यात ऊन येत नाही). तो म्हणाला, "बरं. पोराला सांगा, न्हाणीत भजनं जरा हळू म्हण. आणि आमची अकीला रोज दोघांचं कालवण पाठवते ती काय तुमचं पोट बघून?"

म्हणजे दादा, अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. मी मात्र चार महिने तो खोकला तरी त्याच्या तोंडावर उशी धरत होतो. मग वाटलं, त्या शिंप्याला बाहेर पडून जायला जागाच नव्हती. आपल्या पोराला घर आहे, आणि तो पोलिसांपेक्षा तुम्हाला घाबरून लपला आहे. रविवारी त्याला एम्बसीत नेलं. वाटेत माझेच पाय मागे वळत होते, तोच मला ओढत होता. आउटपास मिळाला (पासपोर्टाशिवाय घरी परतायचा कागद).

आपला,
महादेव

ता.क. हे विमानतळावर लिहितो आहे. त्याची बॅग आत गेली.

ता.क. दुसरा. पत्र घेऊन तोच आला आहे. तुम्ही वाचून संपवेपर्यंत तो अंगणात उभा राहील, आत येणार नाही. त्याला आधी हाक मारा.